निळ्या ताडपत्रीतला माणूस

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकट्या,

वर काय लिहायचं यातच अर्धा तास गेला. आशीर्वाद लिहावा, तर तू म्हणशील, एवढी वर्षं कुठे ठेवला होता. म्हणून नुसतं धाकट्या लिहिलं. घरात तुला दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही, तेव्हा तू ओळखशील.

हे पत्र तुला झाडूवाली देईल. ती आधी आमचा जिना झाडते, मग तुमच्या बाजूचा रस्ता. विश्वासाची आहे, तोंडाने मात्र फटकळ. मी म्हणालो, "एवढी चिठ्ठी त्या निळ्या ताडपत्रीत द्यायची." तर म्हणते, "आजोबा, रस्त्यापलीकडे द्यायला पोस्टमन कशाला? खिडकीतून हाक मारा की!" मारली असती. पण तिसऱ्या मजल्यावरून मारलेली हाक सगळ्या इमारतीला ऐकू जाते, आणि ते थोरल्याला आवडायचं नाही.

समोरच्या मोकळ्या जागेत तू राहायला आलास त्याला आज तेवीस दिवस झाले. पहिल्या दिवशी पाठमोरा होतास तरी मी ओळखलं. ताडपत्री बांधताना तू दोरी दातात धरलीस. त्यावरून तुझी आई किती ओरडायची! तू मुद्दाम आमच्या समोर आलास, की इथे जागा मिळाली म्हणून आलास? मुद्दाम आला असशील तर का, आणि मुद्दाम आला नसशील तर इथे येताना तुला काहीच कसं वाटलं नाही, असा दोन्हीकडून विचार करून माझी झोप उडाली आहे.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तू ताडपत्री बांधली आहेस ती जागा चुकीची आहे. चौतीस वर्षं मी पाणीखात्यात चाव्या फिरवल्या, या भागाच्या सगळ्या लाइनी मला पाठ आहेत. तुझ्या उशाशी भिंतीला लागून जे लोखंडी झाकण आहे, तिथून मोठी लाइन धुतात. धुवायच्या दिवशी कोणालाही न सांगता पाणी सोडतात. मीही सोडलेलं आहे. एका मिनिटात गुडघाभर होतं. तेव्हा दहा पावलं वर, विजेच्या खांबाकडे सरक. आजच सरक. उद्यावर टाकू नकोस.

इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे सोडून. तू निघून गेलास त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

तुझा बाबा


रविवार, ९ फेब्रुवारी

धाकट्या,

सरकलास! सकाळी पडदा बाजूला केला तर निळी ताडपत्री खांबाजवळ. तुझं पत्र येणार नाही हे मी गृहीत धरलं होतं, पण हे पत्रच की. मी चहा पिताना एकटाच हसलो, तर तुझी वहिनी म्हणाली, "बाबा, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, ठसका लागला."

झाडूवालीला मी खोदून खोदून विचारलं. म्हणाली, "वाचली, घडी केली, खिशात ठेवली."

"हसला का?"

"आजोबा, सकाळी सहाला कोण हसतं?"

तिच्याकडून बाकीचं कळलं. तू बसगाड्या धुवायच्या कामावर जातोस. सूनबाई अजून माहेरीच आहे, आणि तिने तुला सांगितलं आहे की दार लावता येईल अशी एक खोली मिळव, त्या दिवशी मी पोरीला घेऊन येते. माझी नात आता सात वर्षांची झाली असेल. तिचे दात पडायला लागले असतील. हे सगळं मला झाडूवालीकडून कळावं!

शुक्रवारी इमारतीची सभा झाली. पालिकेची नोटीस वाचून दाखवली. ६ मार्चला ती जागा रिकामी करणार. ज्यांना घर नाही आणि ठेवून घेणारं कोणी नाही, त्यांना शहराच्या टोकाला नव्या इमारतीत एकेक खोली देणार. त्यासाठी एक बाई येऊन यादी करणार. यादीत नाव लागलं तर खोली, नाही तर फक्त तंबू उचलणार. एवढंच.

सेक्रेटरी म्हणाले, "हे लोक हटले पाहिजेत."

पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "हटून जायचं कुठे?"

"कुठेही. इथून."

"'कुठेही'ला बस कुठली लागते हो?" नर्सबाई म्हणाल्या, आणि चार माणसं हसली. मग वरच्या मजल्याचे वकील म्हणाले की तोवर निदान एक नळ आणि दोन संडास द्या, लोकांनी भिंतीआड किती दिवस जायचं? त्यावर सेक्रेटरी म्हणाले, "नळ दिला की आणखी शंभर येतील." सेक्रेटरी अगदी दगड आहेत असं नाही. त्यांच्या बायकोने मागच्या थंडीत तीन घोंगड्या स्वतः खाली नेऊन दिल्या होत्या.

मला बोलायचं होतं. लाइनीत पाणी एका जागी दाबलं की ते नाहीसं होत नाही, दुसऱ्या जागी फुटतं, आणि जिथे फुटतं तिथले लोक आपल्यालाच शिव्या देतात. हे मी चौतीस वर्षं पाहिलं आहे. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात थोरल्याने माझ्याकडे पाहिलं. मग नाही बोललो. तू मला ओळखतोसच.

यादीवाली बाई आली की नीट उत्तरं दे. तुझ्या स्वभावाप्रमाणे उद्धट बोलू नकोस. दाढी करून ठेव.

तुझा बाबा


बुधवार, १९ फेब्रुवारी

धाकट्या,

आज मी तुझ्यासाठी एक गोष्ट केली. घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घे.

दुपारी बेल वाजली. घरात मी एकटाच. दारात हातात फाइल घेतलेली एक तरुण बाई, घामाघूम झालेली. मी पाणी दिलं. म्हणाली, "समोरच्या जागेतल्या लोकांची यादी करते आहे. खालच्या सेक्रेटरींनी तुमच्याकडे पाठवलं, इथून खाली चिठ्ठ्या जातात म्हणाले. निळ्या ताडपत्रीतला माणूस तुमचा कोण?"

धाकट्या, पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, तू निघून गेलास. ते खरं नाही. तू सामान घेऊन दारात उभा होतास, पोर तुझ्या कडेवर होती, सूनबाई तुझ्यामागे जिन्यात. छापखाना बंद पडला, भाड्याची खोली गेली, चार महिने राहू द्या म्हणालास. थोरला म्हणाला, दोन खोल्यांत आठ माणसं कुठे मावणार. तू त्याच्याशी वाद घातला नाहीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी जेवत होतो. मी ताटातून मान वर केली नाही. भात कालवत राहिलो. तू किती वेळ उभा होतास ते मला माहीत नाही, कारण मी पाहिलंच नाही. दाराचा आवाज झाल्यावर मान वर केली.

पाच वर्षं मी ते ताट पाहतो आहे.

म्हणून आज त्या बाईने विचारलं तेव्हा मी उभा राहिलो. बसून सांगायची गोष्ट नव्हती. म्हणालो, "माझा मुलगा आहे. धाकटा."

"त्यांनी नातेवाईक कोणी नाही असं सांगितलंय."

"रागाने म्हणाला असेल. त्याला बाप आहे, भाऊ आहे, सगळे आहेत."

"आणि त्यांचं घर?"

"हेच," मी म्हणालो. "हेच त्याचं घर."

तिने दोनदा माझ्याकडे पाहिलं. "लिहू का असं?"

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा." मी सही केली. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण सही आज अशी झोकदार आली की विचारू नकोस.

ती जाताना म्हणाली, "आजोबा, विचार करून केलीत ना सही?" मी म्हणालो, "पाच वर्षं विचार केलाय, बाई."

थोरल्याला अजून सांगितलेलं नाही. पण आता सरकारी कागदावर लिहिलं गेलं आहे की तू माझा आहेस. मला फार हलकं वाटतं आहे.

तुझा बाबा


सोमवार, २४ फेब्रुवारी

धाकट्या,

झाडूवाली आज जिना झाडता झाडता थांबली. म्हणाली, "आजोबा, तुम्ही काय करून बसलात?"

खांबावर यादी लावली आहे म्हणे. तुमच्यातल्या एकोणीस जणांची नावं आहेत, तुझं कापलं आहे. पुढे कारण दिलं आहे: कुटुंबाचे घर उपलब्ध.

मला आधी कळलंच नाही. मी तिला म्हणालो, "पण मी तर त्याच्या बाजूने सांगितलं!" ती म्हणाली, "तेच तर. घर आहे म्हणालात. घरवाल्याला कोण खोली देईल?" मग तिने झाडू भिंतीला टेकवला आणि पायरीवर बसली. तिला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तिला विचारलं, तू काय म्हणालास. तर तू म्हणे यादी वाचलीस आणि विचारलंस, "हे माझ्या बापाने सांगितलं?" ती हो म्हणाली. तू म्हणालास, "आत्ता सुचलं होय त्यांना!" आणि कामावर गेलास.

सूनबाईला कळवलंस का? कळवू नकोस इतक्यात. मी काहीतरी करतो. काय करायचं ते मला माहीत नाही, पण करतो. अजून दहा दिवस आहेत.

बाबा


शनिवार, १ मार्च

धाकट्या,

काल मी पालिकेच्या कचेरीत गेलो. जिना उतरायला वीस मिनिटं लागली. झाडूवालीने बसमध्ये बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, "यांना मोठ्या कचेरीपाशी उतरवा, आणि ते वाटेत 'आलं का, आलं का' विचारतील, चिडू नका." मी विचारलं पाच वेळा. तो चिडला नाही.

तिथे तीन खिडक्या फिरलो. चौथ्या खिडकीवर एक कारकून होता, चष्मा कपाळावर.

"आजोबा, सही तुमचीच ना? 'मुलगा आहे, घर हेच.' मग त्याला बेघर कसं म्हणू?"

"घर आहे, पण तो घरात नाही ना."

"मग न्या घरात."

माझ्या मागचा माणूस फिस्सकन हसला.

मी म्हणालो, "घर थोरल्याच्या नावावर आहे. कर्ज त्याचं आहे."

"थोरला कोणाचा?"

"माझाच."

कारकुनाने चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हाकलणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही तेव्हा 'ओळखत नाही' म्हणाला असतात ना, तर त्याला खोली लागली होती. मी असं सांगणं बरोबर नाही, पण आहे ते आहे."

"मग आता?"

"आता उलट लिहून द्यावं लागेल. तुमची आणि घरमालकाची सही."

त्याने छापील कागद दिला. समोर ठेवून तुला उतरवून देतो: *सदर इसमाशी आमचा कोणताही कौटुंबिक संबंध उरलेला नाही. त्यास आमच्या घरात राहण्याचा हक्क नाही व भविष्यात त्यास आम्ही ठेवून घेणार नाही.* खाली दोन रेघा. मंगळवारपर्यंत द्यायचा.

संध्याकाळी थोरल्यापुढे कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं तो आनंदाने सही करेल. तर त्याने कागद असा लांब सारला की जणू भाजलं. "हे काय? असं कोणी लिहून देतं का? माझा भाऊ आहे तो!"

"मग त्याला वर आण," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो.

त्याने कोपऱ्यातल्या पोरांच्या दप्तरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाबा, मी वाईट माणूस नाही. पोरांच्या परीक्षा आहेत. तो येईल, मग ती येईल, पोर येईल. झोपायचं कुठे सगळ्यांनी? तुम्ही सांगा, कुठे?" मी खोलीभर पाहिलं. खरंच, कुठे ते मला दाखवता आलं नाही.

पण सहीही करेना. म्हणतो, उद्या हा कागद कोणी पाहिला तर लोक तोंडात शेण घालतील.

कागद टेबलावर पडून आहे. त्यावर मीठदाणी ठेवली आहे, उडू नये म्हणून.

बाबा


बुधवार, ५ मार्च

धाकट्या,

कागद दिला. काल, शेवटच्या दिवशी.

सही झाली ती तुझ्या वहिनीमुळे. सोमवारी रात्रीच्या जेवणाला बसलो होतो, ती वाढत होती. वाढता वाढता थांबली आणि थोरल्याला म्हणाली, "तुम्ही त्यांना घरात घेणार नाही. बरं, नका घेऊ, मलाही नाही जमणार, मी खोटं कशाला बोलू? पण सहीही करणार नाही. मग त्या माणसाने करायचं काय? तुमचं नाव चांगलं राहावं म्हणून रस्त्यावर मरायचं?" थोरल्याने ताट सरकवलं. पेन आणलं. सही करताना त्याची मान खाली होती, आणि सही झाल्यावर तो बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून बसला. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. तुझ्या वहिनीबद्दल मी मागे तुझ्यापाशी जे काही बोललो असेन, ते परत घेतो.

मग मी केली. माझी सही आधीच्या सहीशी जुळेना. काल कचेरीत यादीवाल्या बाईने दोनदा करायला लावली.

तुझं नाव परत यादीत घेतलं आहे. खोली मिळेल. पण ती म्हणाली की सहा महिने चौकशी असते. येणं-जाणं, फोन, पत्र, काहीही आढळलं की खोली काढून घेतात, कारण अशी लबाडी फार लोक करतात. मी म्हणालो, "मी लबाडी करत नव्हतो." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे आजोबा. म्हणूनच सगळी पंचाईत झाली."

उद्या तुला कागदांची फाइल देतील. त्यात आमच्या कागदाची प्रत असेल. ती तू वाचशीलच, कारण तू काहीही वाचल्याशिवाय सोडत नाहीस, छापखान्याची सवय. पण ते वाचण्याआधी हे वाच. तो कागद खोलीसाठी आहे. त्यात जे लिहिलं आहे ते मी लिहिलेलं नाही, ते तिथे आधीच छापलेलं होतं. मी फक्त सही केली. एकोणीस तारखेला जे सांगितलं ते मात्र माझं होतं.

झाडूवालीला बजावून सांगितलं आहे, सकाळी सगळ्यांच्या आधी तुझ्या हातात द्यायचं.

तुझा बाबा


शुक्रवार, २१ मार्च

धाकट्या,

हे पत्र पाठवायचं नाही. ते ठाऊक असून लिहितो आहे.

त्या दिवशी झाडूवालीला तुझ्याकडे येताच आलं नाही. पालिकेने भागातल्या सगळ्या झाडूवाल्यांना पहाटेच तुमच्या जागेवर कामाला लावलं होतं, तंबू उपसायला. ती त्या टोकाला ताडपत्र्या गोळा करत होती आणि तू या टोकाला रांगेत. मला खिडकीतून तुम्ही दोघंही दिसत होतात. मी तिला हात करत होतो. तिने वर पाहिलंच नाही.

यादीवाली बाई नावं वाचत होती. तुला फाइल दिली. तू रांगेतून बाजूला झालास आणि उभ्या उभ्या वाचू लागलास. पहिलं पान, दुसरं पान. तिसऱ्या पानावर थांबलास. मी काच ठोकली. मग खिडकी उघडली आणि हाक मारली, धाकट्या, खरंच मारली, सगळ्या इमारतीला ऐकू गेली असेल. पण खाली ट्रक चालू होते.

तू फाइल मिटलीस आणि बसमध्ये चढलास.

बस निघता निघता झाडूवाली धावत गेली आणि खिडकीतून पत्र तुझ्या हातात कोंबलं. ती म्हणते, तू ते न उघडताच खिशात टाकलंस. मला धीर द्यायला म्हणाली, "वाचेल हो. फेकून तर नाही ना दिलं!" वाचलंस का?

ज्यांची नावं यादीत नव्हती ते सात-आठ जण दुपारपर्यंत फुटपाथवर बसले होते. आता ते पुलाखाली आहेत, असं नर्सबाई सांगत होत्या. तिथल्या लोकांनीही सभा बोलावली आहे म्हणे.

आज दुपारी चौकशीचा माणूस आला. नवीनच होता. फॉर्म काढला, पेनचं टोपण दातांनी उघडलं आणि विचारलं, "निळ्या ताडपत्रीत राहत होते ते गृहस्थ तुमचे कोण?"

मी या वेळी बसूनच राहिलो. म्हणालो, "कोणी नाही."

"काही संपर्क?"

"नाही."

त्याने दोन खुणा केल्या. मी चहा विचारला, तो नको म्हणाला. तो उठला तेव्हा मला एकदम सुचलं, हा माणूस तुझ्या खोलीत जाऊन आला असणार. दार नीट लागतं का, सूनबाई आली का, पोरीला शाळेत घातलं का, सगळं त्याला ठाऊक असणार. आणि मला विचारता येईना. अनोळखी माणसाबद्दल एवढं कोण विचारतं?

तो चपला घालत होता. मी म्हणालो, "त्या लोकांचं तिकडे कसं चाललंय?"

"कोणत्या लोकांचं?"

"सगळ्यांचं."

"ठीक चाललंय सगळ्यांचं," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

त्या 'सगळ्यांचं'मध्ये मी तुला धरून घेतलं आहे.

बाबा